राखीव प्रतीची खरी कसोटी

घरातील संगणक एके दिवशी सुरूच होत नाही. पडदा काळा राहतो, किंवा त्यावर एखादे इंग्रजी वाक्य उमटून यंत्र स्तब्ध होते. अशा वेळी घरच्या मंडळींना यंत्राच्या किमतीपेक्षा निराळीच काळजी लागते. मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, घराच्या खरेदीखताच्या प्रती, आजोबांनी उतारवयात टंकलेला कुलवृत्तान्त हे सारे त्या बंद पेटीत असते. यंत्र बाजारात पुन्हा मिळते. ही पाने मिळत नाहीत. म्हणून राखीव प्रतीवरून, म्हणजे व्यवहारात ज्याला बॅकअप म्हणतात त्यावरून, संगणक पूर्वस्थितीस आणण्याची रीत प्रत्येक गृहस्थाने समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकात तीन गोष्टी एकत्र नांदत असतात: प्रत्यक्ष यंत्र, ते चालविणारी विंडोजसारखी कार्यप्रणाली आणि घरच्यांनी साठविलेले साहित्य. यांपैकी एक बिघडली म्हणून उरलेल्या दोन बिघडतातच असे नाही. पुष्कळदा केवळ कार्यप्रणाली मोडलेली असते आणि साहित्य डिस्कवर जसेच्या तसे असते. मात्र त्याच डिस्कवर घाईघाईने नवी प्रणाली बसविली, तर धडधाकट साहित्यही पुसले जाण्याचा संभव असतो. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवरून फाइल काढून टाकली, तरी आरंभी फक्त तिची नोंद जाते. मूळ मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक राहतो. नव्या एसएसडीमध्ये ही आशा फारच थोडी. तेव्हा पहिला नियम संयमाचा. राखीव प्रत जुनी असेल, तर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून आधी साहित्य उतरवून घ्यावे. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र यंत्र तत्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावे.

राखीव प्रत मुख्यतः दोन प्रकारची असते. एकीत केवळ फाइली असतात. दुसरीत कार्यप्रणालीसह संपूर्ण डिस्कची प्रतिमा असते. पहिल्या प्रकारात कार्यप्रणाली आणि उपयोगाचे प्रोग्राम नव्याने बसवून मग फाइली परत आणाव्या लागतात. दुसऱ्या प्रकारात सारे घर एकदम उभे राहते. पण प्रतिमा उतरविताना त्या डिस्कवरील आधीचा मजकूर पुसला जातो, आणि नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असल्यास प्रतिमा बहुधा बसतच नाही.

दोन्ही प्रकारांत संगणक सुरू करण्यासाठी बाहेरचे साधन लागते. विंडोजसाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या चालत्या संगणकावर तयार करून घेता येतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर ती उघडण्यास ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती किल्ली त्याच संगणकात लिहून ठेवणे म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीतच ठेवून दार लोटण्यासारखे आहे. मॅक संगणकांत २००७ पासून टाइम मशीन ही सोय आहे. ती गेल्या चोवीस तासांच्या तासातासाच्या, गेल्या महिन्याच्या दररोजच्या आणि त्यापूर्वीच्या आठवड्या-आठवड्याच्या प्रती, डिस्कवर जागा असेपर्यंत, राखते.

मराठी घरांत आणखी एक अडचण संभवते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे पुष्कळ मराठी लेखन श्रीलिपीसारख्या विशिष्ट फाँटमध्ये टंकलेले आहे. फाइल सुखरूप परत आली, तरी तो फाँट नव्या यंत्रावर नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो. फाइल नासली असे समजून ती टाकून देऊ नये. फाँट बसविताच अक्षरे पूर्ववत दिसू लागतात. म्हणून साहित्यासोबत फाँटचीही प्रत ठेवावी, आणि शक्य तेव्हा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा.

राखीव प्रत आहे एवढ्यावर विसंबणे किती धोक्याचे, याचे उदाहरण अमेरिकेतील पिक्सार या चित्रसंस्थेत १९९८ साली घडले. ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने भराभर पुसल्या गेल्या. राखीव प्रत काढून पाहिली, तर तीही सदोष निघाली. संस्थेतील तंत्रदिग्दर्शिका गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या संगणकावर बहुतेक साहित्याची प्रत होती, तिने काम तगले. एवढ्या मोठ्या संस्थेची प्रत कसोटीला उतरली नाही, आणि एका घरातील प्रत उतरली.

यातून निघणारा बोध साधा आहे. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिला प्रत न म्हणता केवळ आशा म्हणावे. दर तीन महिन्यांनी प्रतीतील चार-दोन फाइली निराळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून पाहाव्यात. छायाचित्र दिसते का, पत्र वाचता येते का, हे डोळ्यांनी पडताळावे. साहित्याच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी, हा संकेत जाणकारांत मान्य आहे. इंटरनेटवर आपोआप जुळणारी साठवण सोयीची खरी. पण घरी फाइल पुसली की ती तिथूनही पुसली जाऊ शकते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या घातक प्रोग्रामने फाइली कुलूपबंद केल्या होत्या. असा प्रोग्राम घरात शिरला, तर सदैव जोडून ठेवलेली डिस्कही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. म्हणून प्रत घेऊन होताच डिस्क सोडवून ठेवावी.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे सर्वांना ठाऊक असते. खणलेल्या विहिरीला पाणी आहे की नाही, हे पाहण्याचे मात्र राहून जाते. येत्या रविवारी अर्धा तास काढून कपाटातील डिस्क जोडावी, एक जुने पत्र परत आणून वाचावे, आणि त्या दिवसाची तारीख व कुलपाची किल्ली घरच्या वहीत शाईने लिहून ठेवावी.