विद्यापीठाचे परदेशस्थ संकुल

एखाद्या विद्यापीठाने आपल्या देशाबाहेर स्थापन केलेले आणि त्याच्या नावाने पदवी देणारे शिक्षणकेंद्र. अध्यापन, परीक्षा व गुणवत्ता यांची अंतिम जबाबदारी मूळ विद्यापीठाकडे राहते. परक्या संस्थेला केवळ अभ्यासक्रम वापरू देणे किंवा दूरशिक्षणाचे केंद्र चालविणे, यांहून ही व्यवस्था वेगळी आहे. तिला मूळ देशाची व यजमान देशाची अशी दुहेरी मान्यता लागते.

विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार कायद्याने मिळतो. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ नुसार केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच भारतात पदवी देता येते. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्रही ठरलेले असते. यवतमाळ जिल्हा याचे बोलके उदाहरण आहे. तेथील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाशी (स्थापना १९२३) संलग्न होती. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती त्याच्या कक्षेत आली. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम व यवतमाळ हे या विद्यापीठाचे पाच जिल्हे होत. जिल्ह्यातील वैद्यकीय शिक्षण मात्र नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे (१९९८), तर कृषिशिक्षण अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे (१९६९) आहे. जिल्ह्याची सीमा ओलांडतानाही जेथे अधिकाराचा प्रश्न उद्भवतो, तेथे देशाची सीमा ओलांडण्यास स्वतंत्र मान्यता लागावी, हे ओघानेच येते.

या मर्यादेचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने प्रा. यशपाल विरुद्ध छत्तीसगढ राज्य या खटल्यात (२००५) स्पष्ट केले. राज्याच्या विधिमंडळाला राज्याबाहेरील अभ्यासकेंद्रांना अधिकार देणारा कायदा करता येत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. छत्तीसगढमध्ये २००२ च्या कायद्याखाली अल्पावधीत मोठ्या संख्येने खाजगी विद्यापीठे निघाली होती व त्यांपैकी अनेकांकडे पुरेशा इमारती वा अध्यापक नव्हते.

ब्रिटिश काळात भारतीय विद्यापीठांची कक्षा आजच्या भारताबाहेरही होती. रंगूनचे महाविद्यालय कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते. १९२० मध्ये रंगूनला स्वतंत्र विद्यापीठ झाले. आधुनिक अर्थाची संकुले मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस वाढली. ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाने १९९८ मध्ये मलेशियात संकुल काढले. बिट्स पिलानी व मणिपाल या संस्थांची दुबईतील केंद्रे २००० मध्ये सुरू झाली. आखाती देशांतील भारतीय कुटुंबांच्या मुलांना शालेय शिक्षणानंतर तेथेच पदवी घेता यावी, ही गरज त्यांमागे होती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) उत्तम कामगिरी करणाऱ्या भारतीय विद्यापीठांना परदेशात संकुले काढण्यास उत्तेजन दिले. श्रेष्ठत्वाचा दर्जा मिळालेल्या अभिमत विद्यापीठांसाठीच्या २०२१ च्या नियमांत शिक्षण मंत्रालयाची पूर्वमान्यता, तसेच परराष्ट्र व गृह मंत्रालयांचे ना-हरकत पत्र या अटी आहेत. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे झांझिबार येथील संकुल २०२३ मध्ये, तर दिल्लीच्या संस्थेचे अबू धाबी येथील अध्यापन २०२४ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात पुण्याच्या सिंबायोसिस या अभिमत विद्यापीठाचे दुबई येथील संकुल नोव्हेंबर २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री एस्. जयशंकर यांच्या हस्ते सुरू झाले. परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी दूर व्हाव्यात, या हेतूने शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये जी संस्था स्थापन केली, तीच अशा रीतीने परदेशात गेली.

यजमान देश इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा, अध्यापकांची पात्रता, आर्थिक तरतूद आणि संकुल बंद पडल्यास विद्यार्थ्यांची पुढील व्यवस्था यांची छाननी करतो. दुबईत हे काम मुख्यतः ज्ञान व मानव विकास प्राधिकरणाकडे आहे. ही छाननी केवळ कागदोपत्री नव्हे, हे सिंगापूरच्या उदाहरणावरून दिसते. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २००७ मध्ये तेथे सुरू केलेले संकुल अपेक्षेइतके विद्यार्थी न आल्याने पहिल्या सत्रानंतरच बंद झाले आणि प्रवेश घेतलेल्यांना अन्यत्र जावे लागले.

म्हणून प्रवेश घेताना विद्यापीठाची ख्याती पाहणे पुरेसे नसते. पदवी कोण देणार, संकुलाला दोन्ही देशांची मान्यता आहे काय आणि नोकरीसाठी वा पुढील शिक्षणासाठी ती पदवी कोठे ग्राह्य धरली जाईल, हेही पाहावे लागते. मान्यता नसलेल्या पदवीची झळ अखेर विद्यार्थ्यालाच सोसावी लागते. विद्यापीठाच्या दृष्टीनेही परदेशस्थ संकुल हे प्रतिष्ठेचे साधन असले, तरी मूळ संकुलातील अध्यापकवर्ग व निधी यांवर त्याचा ताण पडणार नाही, एवढी क्षमता त्याने आधी मिळविलेली असणे आवश्यक ठरते.