राहत्या गाडीला आस आणि चाके घेताना



उसाला रात्रीची पाळी आली की मळ्यात मुक्काम टळत नाही. बिबट्याची मादी उसातच पिल्ले घालते; तेव्हा बांधावर उघडी खाट टाकणे धोक्याचे. म्हणून काही सभासद पडून असलेली जुनी राहती गाडी दुरुस्त करून मळ्यात उभी करावी म्हणतात. विचार चांगला आहे. साटा, छप्पर, दार गावचा सुतार-लोहार करील. अडते ते आस आणि चाकांवर, आणि बरेच जण त्यासाठी मुंबई गाठतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

आधी वजन करा. रिकामी गाडी ट्रॉलीत घालून आपल्या काट्यावर आणा. समजा १,२०० किलो भरली. माणसे, पाण्याची टाकी, सामान मिळून आणखी ५०० किलो धरा. म्हणजे १,७०० किलो. आस त्याच्या दीडपट, म्हणजे सुमारे २,५०० किलो पेलणारे हवेत. बांधावरून उतरताना सगळा भार एका अंगावर येतो, हे विसरू नका.

मुंबईत जुना आस बघायचा तर हार्बर लाइनने रे रोडला उतरा. जवळच दारूखान्याचा भंगार बाजार आहे. बेअरिंग आणि नटबोल्टसाठी मशीद स्टेशनजवळची नागदेवी स्ट्रीट. जुन्या गाडीचा एखादा अवघड सुटा भाग हवा असेल तर चोरबाजारात मटण स्ट्रीटला चक्कर मारावी. मापे कागदावर लिहून न्या, तोंडी सांगू नका.

जुना आस घेताना:

१) दोरी ताणून सरळ आहे का पाहा. वाकलेला आस टायर खातो.

२) आस पुसून रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडा करून खडूची पूड फासा. चीर असली तर आतले रॉकेल पुडीवर रेघ उमटवते. असा आस फुकट दिला तरी नको.

३) वेल्डिंग केलेला आस घेऊ नका.

४) बेअरिंगच्या कड्यावरचा नंबर उतरवून घ्या. तो बाजारात मिळतो याची खात्री झाल्यावरच पैसे द्या.

५) टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर फुटतो.

भाद्रपदाच्या सुमारास मुंबईला गेलात तर दादरहून लालबाग-परळला जा. तिथल्या कार्यशाळांतून थोरले गणपती चाकांच्या ट्रॉलीवरून निघतात. उंच मूर्ती कलंडू नये म्हणून ट्रॉली बुटकी आणि रुंद असते. आपली गाडीही उंचच. तिला अरुंद आस लावला तर पाटाच्या कडेला आडवी होईल. गिरगाव चौपाटीच्या वाळूत अरुंद चाक रुतते, तसेच ते आपल्या काळ्या रानातही रुतेल. म्हणून रुंद टायर घ्या.

मूळची धाव बसवलेली लाकडी चाके शोभेला सुंदर. तुंबा, आरे शाबूत असतील तर जरूर जपा, पण ट्रॅक्टरच्या वेगाला ती लावू नका. गाडी सडकेवरून न्यायची असेल तर नोंदणीचे आर.टी.ओ. कार्यालयात आधी विचारा.

मळ्यात उभी केल्यावर चाकांना पुढेमागे दगडाची उटी लावा आणि दार आतून बंद होते का, हे दिवसाउजेडी तपासा. रात्री पाणी धरणारा माणूस सकाळी धडधाकट घरी यावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप.