विटेवर थांबलेला देव

आषाढ शुद्ध एकादशी समीप आली की पंढरीच्या सर्व वाटा माणसांनी भरून वाहू लागतात. आळंदीहून श्रीज्ञानेश्वर महाराजांची, देहूहून श्रीतुकाराम महाराजांची पालखी येते; शिवाय कित्येक लहान दिंड्या आडवाटांनी व हमरस्त्यांनी पायी येत असतात. वारकरी एकमेकांस ‘माउली’ म्हणतात, परस्परांच्या पाया पडतात. ज्या पायांवर मस्तक ठेवावे, त्यांच्याजवळून आमचे वाहन कसे जाते, याचा विचार या पर्वकाळी अवश्य व्हावा.

काही वर्षांपूर्वी वेळापुराहून आम्ही मोटारीने पंढरीस कीर्तनासाठी येत होतो. दिवेलागणीची वेळ, वर पावसाची भुरभुर. उशीर झाला म्हणून ‘जरा वेगाने हाका’ असे चालकास आम्हीच दोनदा बजावले. एका वळणावर डोईवर तुळशीवृंदावन घेतलेली वृद्धा एकाएकी दिव्यांच्या झोतात आली. चालकाने करकचून ब्रेक दाबला. मोटार तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिने वळून आम्हांसच हात जोडले. म्हणाली, “घाई असंल तर व्हा म्होरं, माउली.” त्या रात्री भूतदयेचे निरूपण करताना आमची जीभ अडखळली.

ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढे अंतर सरते. ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर तर वेग दुप्पट झाला की चौपट होते, आणि ओल्या रस्त्यावर त्याहूनही वाढते. तेव्हा दिंडी दृष्टीस पडताच वेग उतरवावा, हाच पहिला नियम.

टाळमृदंगाच्या घोषात भोंगा ऐकू येत नाही. ऐकू आलाच तर वृद्ध माणूस गांगरून भलत्याच बाजूस वळतो. म्हणून भोंग्यावर विसंबू नये. दिंडीच्या रांगेत वाहन घालू नये, बाजूने जाताना ऐसपैस अंतर राखावे. पाण्याच्या टँकरमागून एखादे मूल धावत येईल, हे गृहीत धरावे. अंधारात पुढे माणसे दिसताच दिव्यांचा प्रखर झोत खाली करावा.

आणखी एक गोष्ट. एकादशीचा उपवास आणि रात्रीचा जागर करून लगेच परतीसाठी सुकाणू हाती धरणे, हे पुण्याच्या पोटी पाप ओढवून घेणे होय. त्या वेळी पायी परतणारेही थकलेले असतात. चालकाने आधी पुरती झोप घ्यावी, मगच निघावे.

भक्तहो, पुंडलिक वृद्ध मातापित्यांच्या सेवेत मग्न होता. त्याने वीट भिरकावून ‘थांब’ म्हटले, आणि प्रत्यक्ष परब्रह्म थांबले. अद्यापि उभेच आहे. वृद्धांच्या सेवेसाठी देव थांबतो, मग एका वृद्धेला रस्ता ओलांडू देण्यासाठी आम्हांस क्षणभर थांबता येऊ नये? आम्ही घटकाभर उशिरा पोहोचलो, तरी तो विटेवरून कुठे जाणार आहे!