नदीखालची पाइपलाइन: परवानगी कधी संपते?

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसांनी पाइपलाइनच्या भानगडीत कशाला पडावं? पण परवानगी म्हणजे नेमकं काय, ती दिली की प्रश्न मिटतो की तिथून सुरू होतो, हा प्रश्न मुळात आपल्याच प्रांतातला आहे. तो समजून घ्यायला आपण अमेरिकेतल्या नियमांचं उदाहरण घेऊ. तिथे हे नियम सव्वाशे वर्षं थरावर थर चढत आले आहेत, आणि ते कुठे अपुरे पडले हेही उघड झालेलं आहे.

पहिला थर १८९९ सालचा. 'रिव्हर्स अँड हार्बर्स ॲक्ट' या कायद्याचं दहावं कलम सांगतं की नौवहनयोग्य पाण्यात, पाण्यावरून किंवा पाण्याखालून काहीही बांधायचं असेल तर लष्कराच्या अभियंता दलाची परवानगी हवी. लष्कर कशाला, असं कुणी विचारील. एकोणिसाव्या शतकात नद्यांची मोजणी, गाळ काढणं, बंदरं बांधणं ही कामं तिथे लष्करी अभियंत्यांकडेच होती, म्हणून. या कायद्याची काळजी एकच: बोटीची वाट अडू नये. पाइप तळाच्या खाली बोगदा पाडून नेला तरी ही परवानगी चुकत नाही.

आता 'नौवहनयोग्य' म्हणजे काय? आपल्या नैयायिकांनी व्याख्येचे दोष सांगून ठेवले आहेत. व्याख्या हवं ते सोडून देत असेल तर अव्याप्ती, आणि नको ते कवेत घेत असेल तर अतिव्याप्ती. अमेरिकी न्यायालयं जणू याच दोन दोषांमधून वाट काढत गेली. १८७१ मध्ये 'डॅनियल बॉल' नावाच्या आगबोटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घातली, की जी नदी व्यापारी वाहतुकीला प्रत्यक्षात उपयोगी पडते किंवा पडू शकते, ती कायद्यानेही नौवहनयोग्य. मग ज्या नदीवर पूर्वी नावा चालत होत्या पण आता चालत नाहीत, तिचं काय? १९२१ मध्ये उत्तर आलं, की वापर थांबला म्हणून नदीचा दर्जा जात नाही. १९४० मध्ये आणखी एक पाऊल पुढे: वाजवी सुधारणा करून नावा चालू शकत असतील, तर तीही नदी नौवहनयोग्य. म्हणजे बघा, आज एकही बोट दिसत नाही म्हणून पाइपलाइनवाल्याला या कायद्यातून सुटका नाही.

दुसरा थर १९७२ च्या 'क्लीन वॉटर ॲक्ट'चा. इथे काळजी बोटीची राहिली नाही, पाण्याची झाली. पात्रात चर खणून पाइप पुरायचा आणि माती परत टाकायची, तर कलम ४०४ खाली परवानगी लागते. शिवाय कलम ४०१ प्रमाणे, प्रकल्पामुळे पाण्याची प्रत बिघडणार नाही असं प्रमाणपत्र त्या त्या राज्याकडून घ्यावं लागतं. प्रत्येक लहान कामाची स्वतंत्र चौकशी करणं शक्य नाही, म्हणून तेल आणि वायूच्या पाइपलाइनींसाठी 'नेशनवाइड परमिट १२' हा सर्वसाधारण परवाना आहे. एका ओलांडणीत अर्ध्या एकरापेक्षा जास्त जलक्षेत्र कायमचं जाणार नसेल, तर त्याखाली काम होऊ शकतं. मात्र नदी दहाव्या कलमात येत असेल, तर अभियंता दलाला आधी कळवावंच लागतं.

तिसरा थर खुद्द पाइपचा. तो केंद्रीय परिवहन खात्याच्या पाइपलाइन सुरक्षा यंत्रणेकडे आहे. नदीचं पात्र भरतीरेषेपासून भरतीरेषेपर्यंत शंभर फूट किंवा अधिक रुंद असेल, तर तेलाच्या पाइपवर किमान चार फूट मातीचं आवरण हवं. खडक फोडावा लागत असेल तर अठरा इंच चालतं. एवढ्या रुंद ओलांडणीच्या दोन्ही बाजूंना झडपा हव्यात. आणि नौवहनयोग्य पाण्याखालच्या प्रत्येक ओलांडणीची पाहणी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने झालीच पाहिजे.

कागदावर हे सगळं चोख दिसतं. मग चुकतं कुठे?

मोंटाना राज्यातून यलोस्टोन नदी वाहते. तिच्यावर एकही मोठं धरण नाही, त्यामुळे पूर येतो तो मोकळाच येतो. जुलै २०११ मध्ये अशाच पुराच्या दिवसांत लॉरेल गावाजवळ तिच्या तळाखालचा तेलाचा पाइप फुटला. पाण्याने तळ खरवडून काढला होता आणि पाइप उघडा पडला होता. सुमारे ६३ हजार गॅलन कच्चं तेल नदीत गेलं. पुढे जानेवारी २०१५ मध्ये, याच नदीच्या खालच्या अंगाला, ग्लेनडाइव्ह गावाच्या वर दुसरा एक पाइप फुटला. नदी बर्फाने झाकलेली होती, त्यामुळे तेल काढणंही अवघड झालं. गावच्या नळाच्या पाण्यात बेंझिन सापडलं. पाणी पिऊ नका असं लोकांना सांगावं लागलं आणि बाटलीबंद पाणी बाहेरून आणावं लागलं.

यातला आपल्या कामाचा तपशील असा. २०११ च्या पाहणीत हा दुसरा पाइप तळाखाली किमान आठ फूट होता, म्हणजे चार फुटांच्या दुप्पट. आणि फुटला तेव्हा पाच वर्षांची मुदत अजून संपायची होती. पाइप जागचा हलला नव्हता, त्याच्यावरचा तळ निघून गेला होता.

इथे आपला मूळ प्रश्न येतो. चार फुटांची अट बांधणीच्या वेळची आहे. पुढे ते आवरण कायम चार फूटच राखा, असं ती म्हणत नाही. नियम एका दिवशी माप घेतो आणि ते माप नदीच्या स्वभावाचा भाग असल्यासारखं धरून चालतो. पण पात्र ही काही न बदलणारी वस्तू नव्हे. बौद्धांच्या क्षणिकवादापर्यंत जायची गरज नाही, नदीकाठचा कुठलाही शेतकरी हे सांगेल. म्हणून आम्हाला असं वाटतं की परवानगी ही घटना नसून एक नातं आहे. ती देणारा आणि घेणारा, दोघेही नदी बदलेल त्याप्रमाणे बांधलेले राहतात.

यावर वाजवी आक्षेप आहे, आणि तो डावलून चालणार नाही. परवानगी कधीही उलटवता येत असेल तर कोण पैसा घालील? ज्या परवान्यावर विसंबता येत नाही, तो परवाना कसला? खरं आहे. पण नातं टिकवणं म्हणजे रोज ते मोडण्याची धमकी देणं नव्हे. परवानगी कायम ठेवून तिच्याबरोबरची जबाबदारी नदीच्या घड्याळाला जोडता येते. उशिरा का होईना, अमेरिकी नियमांनी हेच केलं. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या आणि २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार, काठ ओलांडणारा पूर किंवा तसाच मोठा उत्पात झाला तर तो ओसरल्यावर ७२ तासांच्या आत बाधित पाइपलाइनची पाहणी सुरू करावी लागते. पाच वर्षांची मुदत हे दिनदर्शिकेचं घड्याळ होतं. पुरानंतरचे ७२ तास हे नदीचं घड्याळ आहे. आमच्या मते हा नियम कडक झाला, यापेक्षा तो शहाणा झाला हे महत्त्वाचं.

आता थोडं आपल्याकडे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरवले. त्यांत आपली आंबा आणि सावित्री आहे, गोव्याच्या मांडवी आणि जुवारी आहेत. त्याआधी, कमलनाथ खटल्यात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नद्यांसारखी संपत्ती शासनाकडे जनतेची विश्वस्त म्हणून असते हे तत्त्व स्वीकारलं. विश्वस्ताचं काम एका सहीने संपत नाही, हे विश्वस्तपणाच्या कल्पनेतच आलं.

तेव्हा तुमच्या खाडीखालून किंवा नदीखालून एखादी पाइपलाइन जाणार असेल आणि जनसुनावणीची नोटीस निघाली, तर पाइप किती खोल, एवढंच विचारून थांबू नका. ती खोली कुठल्या तारखेची, हे विचारा. पूर येऊन गेल्यावर ती पुन्हा कोण मोजणार, किती दिवसांत मोजणार, आणि कमी भरली तर तेल थांबवायचा अधिकार कोणाचा, हेही विचारा. या प्रश्नांची उत्तरं परवान्यात लिहिलेली नसतील, तर तो परवाना अजून अपुराच आहे असं समजावं.