मानेत गाठ नाही, तरी मानेची शस्त्रक्रिया का?

वरकुटे, इंदापूर, बारामतीकडून तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण येतात. बहुतेकांना तंबाखू-चुना, गुटखा किंवा मिश्रीची सवय असते. जिभेच्या कडेला दोन सेंटिमीटरचा व्रण, तुकडा तपासून कर्करोग निघालेला, आणि मानेत हाताला काहीच लागत नाही. जिभेसोबत मानेतल्या ग्रंथीही काढू, असे म्हटले की घरची माणसे हमखास विचारतात, "डॉक्टर, मानेला गाठच नाही, मग मान कशाला कापायची?"

प्रश्न रास्त आहे. पूर्वी सर्जनांमध्येही यावर एकमत नव्हते.

तोंडाचा कर्करोग पसरतो तो बहुधा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये. सुरुवातीला तिथे मोजक्याच पेशी पोहोचलेल्या असतात. त्या हाताला लागत नाहीत, स्कॅनमध्येही दिसतीलच असे नाही. मान साफ वाटणाऱ्या साधारण २० ते ३० टक्के रुग्णांत असा लपलेला प्रसार असतो. म्हणजे सर्वांच्या ग्रंथी काढल्या, तर अनेकांची शस्त्रक्रिया विनाकारण होणार. म्हणून काही सर्जन म्हणत, नियमित तपासत राहू, गाठ आली तर तेव्हा काढू.

याचे उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने शोधले. २००४ ते २०१४ या काळात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. कोण कुठल्या गटात, हे ना डॉक्टर ठरवत होते ना रुग्ण. त्यामुळे दोन्ही गट सारखे राहिले आणि तुलना खरी झाली. एका गटाची मान पहिल्याच शस्त्रक्रियेत साफ केली. दुसऱ्याची फक्त तोंडाची शस्त्रक्रिया केली आणि मानेवर लक्ष ठेवले. पहिले सहा महिने दर चार आठवड्यांनी तपासणी होती.

निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या ५०० रुग्णांत, तीन वर्षांनंतर जिवंत राहण्याचे प्रमाण आधीच ग्रंथी काढलेल्या गटात ८० टक्के होते, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांच्या ग्रंथी वेळीच काढल्या, तर एक जादा जीव वाचतो. इतक्या जवळून लक्ष ठेवूनही, मानेत गाठ सापडेपर्यंत आजार बऱ्याचदा पुढे गेलेला होता. कापणी, लग्नसराई, गाडीभाडे यांत ज्यांची एक तपासणी चुकते, त्यांच्यासाठी वाट पाहणे आणखी धोक्याचे, असे माझे मत आहे.

याची किंमतही आहे, ती लपवू नये. मानेवर व्रण राहतो, कानाखालची त्वचा बधीर होते, ओठाचा कोपरा थोडा कमजोर होऊ शकतो. खांदा दुखतो, हात वर नेताना त्रास होतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितले की लगेच खांद्याचे व्यायाम सुरू करा. त्यात टाळाटाळ करणारेच पुढे जास्त त्रासतात.

हा नियम सर्वांना सरसकट लावता येत नाही. त्या अभ्यासातले बहुतेक रुग्ण जिभेच्या कर्करोगाचे होते, गालाचे कमी. गाठ तीन मिलिमीटरपेक्षा कमी खोल असेल, तर फायदा स्पष्ट दिसला नाही. काही मोठ्या केंद्रांत कर्करोग सर्वांत आधी ज्या ग्रंथीत पोहोचण्याची शक्यता असते, तेवढीच शोधून तपासतात. ती साफ असेल तर बाकीच्या वाचतात.

त्यामुळे सही करण्यापूर्वी सर्जनला विचारा: गाठ किती मिलिमीटर खोल आहे? मानेच्या कुठल्या भागातल्या ग्रंथी काढणार? खांद्याची नस वाचवणार का? ग्रंथींचा रिपोर्ट कधी येईल, आणि त्यात आजार निघाला तर रेडिएशन लागेल का? खर्चाची काळजी असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्याआधीच करा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.