तुकोबांच्या पालखीची पहिली आरती दर्ग्यापाशी का होते? काय आहे अनगडशहा बाबांची गोष्ट?

संत तुकाराम महाराजांची पालखी देहू सोडते आणि आकुर्डीच्या मुक्कामाकडे निघते. पण त्याआधी ती पहिल्यांदा थांबते ती एका दर्ग्यापाशी. हा अनगडशहा बाबांचा दर्गा. इथे अभंग म्हटला जातो, आरती होते आणि मग पालखी देहूरोडच्या दिशेने पुढे सरकते. कामावर जाण्यासाठी रोज याच रस्त्याने गाडी काढणाऱ्या अनेकांना यामागची गोष्ट ठाऊक नसते.

कोण होते अनगडशहा?

तुकोबांच्या काळातले, म्हणजे 17व्या शतकातले फकीर. आख्यायिका अशी की, त्यांच्या कटोऱ्यात कितीही भिक्षा घाला, तो भरायचाच नाही. ते तुकोबांच्या दारी आले. तुकोबांच्या लेकीने चिमूटभर पीठ घातलं आणि कटोरा काठोकाठ भरला. फकीर तुकोबांचे चाहते झाले.

दुसरी गोष्ट इतकी गोड नाही, म्हणूनच ती जास्त लक्षात राहते. तुकोबांचे विरोधक, वाघोलीचे रामेश्वर भट्ट पुण्यात अनगडशहांच्या जागेतल्या पाण्यात आंघोळीला उतरले. फकिराने रागावून शाप दिला आणि भट्टांच्या अंगाचा दाह सुरू झाला. काही केल्या तो थांबेना. शेवटी भट्ट आळंदीला माउलींना शरण गेले. दाह शमला तो तुकोबांनी पाठवलेल्या अभंगाने. पुढे हेच भट्ट तुकोबांचे शिष्य झाले.

म्हणजे या गोष्टीत फकीर चिडतो, शास्त्री अडून बसतो आणि तरी सगळ्यांची वाट तुकोबांपाशीच येते. कुणालाही गुळगुळीत करून सांगितलेलं नाही.

हा इतिहास आहे का?

समकालीन नोंद म्हणून याकडे पाहता येणार नाही. ही शापाची कथा सांगणारे महिपती 18व्या शतकातले, तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर शंभरेक वर्षांनी लिहिणारे. थांबा मात्र आजही डोळ्यांनी पाहता येतो. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला.

आरती पाहायची असेल तर एक लक्षात ठेवा. प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला होतं, पण त्या रात्री पालखी देहूतच, इनामदारवाड्यात असते. दर्ग्यापाशी ती येते दुसऱ्या दिवशी.