कडाक्याच्या थंडीत हायब्रिड

हायब्रिड मोटारीची बचत इंजिन वारंवार बंद राहण्यावर अवलंबून असते आणि थंडीत नेमके तेच होत नाही. प्रवाशांना ऊब देणारा हीटर इंजिनाच्या तापलेल्या कूलंटवर चालतो; ते गार झाले की सिग्नलला उभी असलेली गाडीही इंजिन सुरू करते. त्यात बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, त्यामुळे ब्रेक लावताना परत मिळणारी ऊर्जा ती कमी प्रमाणात साठवते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागानुसार, शहरात गाडी चालवताना २५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत उणे ७ अंशांना हायब्रिडचे मायलेज सुमारे ३० ते ३४ टक्के घटते. साध्या पेट्रोल गाडीचे सुमारे १५ टक्केच.

टोयोटाने दुसऱ्या पिढीच्या प्रियसच्या उत्तर अमेरिकी आवृत्तीत यावर मजेदार तोड काढली होती: गरम कूलंट साठवणारा चक्क थर्मास! पुढच्या पिढीत त्याची जागा एक्झॉस्टमधील उष्णता वापरणाऱ्या यंत्रणेने घेतली.

कॅनडातील विनिपेगमध्ये हिवाळ्यात पारा उणे ३० च्याही खाली जातो. तेथे इंजिन ब्लॉक हीटरसाठी पार्किंगमध्येच विजेचे प्लग असतात. रात्री गाडी त्यांना जोडून ठेवल्यास सकाळी इंजिन लवकर तापते. थंडीत दगा बहुधा हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीपेक्षा साधी १२ व्होल्टची बॅटरी देते. प्रियसमध्ये ती इंजिन फिरवत नाही, संगणक जागा करते. पण ती उतरली, तर गाडी जागची हलत नाही.